घरच्या कोब्यावर इपॉक्सीचा लेप : पूर्वतयारीचा विचार

घराच्या सर्व अवयवांत जमिनीस जितके कष्ट सोसावे लागतात तितके दुसऱ्या कोणासही सोसावे लागत नाहीत. तिच्यावर आपण चालतो, बसतो, जेवतो, सोयाबीन-तुरीची पोती रचतो आणि पाणीही तिच्यावरच सांडतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी व सिमेंटचा कोबा हे तिन्ही प्रकार आजही पाहावयास मिळतात. अलीकडे कोब्यावर इपॉक्सीचा चकचकीत लेप देण्याची रीत आली आहे, व हे काम घरच्या घरी करता येईल काय, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. आमचे उत्तर असे की, करता येईल. परंतु त्याचे यश लेप देण्याच्या दिवशी ठरत नसून त्यापूर्वीच्या काही महिन्यांत ठरते. ते कसे, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी मिळून समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम इपॉक्सी म्हणजे काय ते पाहू. गेल्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ व अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ही कृत्रिम राळ सिद्ध केली. पैकी कास्ताँ हे दातांच्या कवळीसाठी योग्य पदार्थ शोधीत होते. तुटलेली वस्तू सांधण्यासाठी ॲरल्डाइटच्या दोन नळ्यांतील लगदे आपण एकत्र कालवितो. तो याच जातीचा पदार्थ होय. तेलरंग हवेच्या संगतीने वाळतो. इपॉक्सी तशी वाळत नाही. राळेच्या अणुसमूहांच्या टोकांस दोन कार्बन व एक ऑक्सिजन यांचे लहानसे कडे असते. हार्डनर ते कडे उघडून राळेशी कायमचा जोडला जातो, आणि अशा असंख्य जोडांचे घट्ट जाळे बनते. म्हणून डब्यावर सांगितलेले प्रमाण मोजूनच घ्यावे. हार्डनर थोडा अधिक घातला तर लेप लवकर टणक होईल, ही समजूत चुकीची आहे. ज्यास जोडीदार मिळाला नाही तो अंश तसाच राहून लेप मऊ अथवा चिकट होतो.

आता मुख्य शत्रू जो ओलावा, त्याजकडे वळू. सारवलेली जमीन सच्छिद्र असते. भुईतील ओल तिच्यातून हळूहळू वर येऊन हवेत विरते. कोब्यातूनही ती थोडीफार निघून जाते, म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही. इपॉक्सीचा लेप मात्र ही वाट जवळजवळ बंद करितो. मग खालची ओल लेपास खालून रेटू लागते, फोड येतात, आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. ज्या कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद न घालता नुसत्या मुरुमावर काँक्रीट ओतलेले असते, तेथे हे भय विशेष असते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. सुमारे अर्धा मीटर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. एक पूर्ण दिवस व रात्र गेल्यावर तो उचलून पाहावा. खालच्या अंगास पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला, तर भुईत ओल आहे असे समजावे. खोलीत तीन-चार ठिकाणी, व भिंतीलगत अवश्य, ही परीक्षा करावी. परंतु ती केव्हा करावी, यातच खरी मेख आहे. वैशाखात करील त्यास प्रत्येक कोबा कोरडाच दिसेल, आणि आषाढात तोच कोबा त्यास फसवील. म्हणून परीक्षा भाद्रपदात, भुई पावसाने तृप्त झालेली असता करावी, व काम मार्गशीर्षात करावे. भाद्रपदातच जो कोबा कोरडा राहिला त्याजवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. कोबा नवा असेल तर तो घालून निदान २८ दिवस झालेले असावेत.

दुसरी गोष्ट आमच्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगणे नको. घराचा पाया व कोबा अशा मातीवर असेल तर तिच्याबरोबर तेही थोडे हालतात. कोब्यातील भेग जुनी व स्थिर आहे की अद्याप हालती आहे, हे ओळखण्यासाठी काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके पक्की चिकटवावीत व शेजारी तारीख लिहावी. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत पट्टी तडकली नाही, तर भेग लांबीने भरून पुढे जावे. तडकली, तर वर दिलेला ताठर लेपही त्याच रेषेत तडकेल हे निश्चित.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. आपले गवंडी कोब्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून तो घोटून काढतात. तो डोळ्यांस गोड दिसतो, पण लेपास तेथे पकड मिळत नाही. पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. ते लवकर मुरले तर ठीक. मोत्यासारखे वर राहिले, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत आहे किंवा तेलकट आहे. तेलाचे डाग साबणाने धुऊन काढावेत व वरचा थर ग्राइंडरने खरवडावा. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांस अपायकारक असल्याने धूळ ओढून घेणारे यंत्र व चांगला मास्क अवश्य वापरावा. काही लोक यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. परंतु त्याच्या वाफा घातक असतात व धुण्याचे पाणी कोब्यात मुरते, म्हणून खरवडणेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.

आता थोडे गणित. १ चौरस मीटर जागेवर १ लिटर द्रव पसरला, तर थराची जाडी १ मिलिमीटर होते. खोली ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद धरल्यास क्षेत्रफळ १२ चौरस मीटर झाले. पाव मिलिमीटरच्या एका थरास ३ लिटर, दोन थरांस ६ लिटर. डब्यास व रोलरला चिकटून राहणारा दहावा भाग मिळविल्यास ६.६ लिटर माल लागेल. मात्र हा हिशेब ज्यातून काहीच उडून जात नाही अशा मालाचा आहे. ज्या मालाचा निम्मा भाग उडून जातो, त्याचे १३.२ लिटर घ्यावे लागतील. म्हणून स्वस्त डबा खरोखरच स्वस्त आहे काय, हे डब्यावरील मजकूर वाचून ठरवावे. प्रायमरचा हिशेब निराळा करावा.

वेळेचाही हिशेब हवा. मिश्रण कालविल्यावर ते वापरण्याजोगे किती मिनिटे राहते हे डब्यावर लिहिलेले असते, व ते बहुधा २५ अंश सेल्सियस उष्णतेस धरून असते. उष्णता १० अंशांनी वाढली की तो अवधी सुमारे निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. तेव्हा विदर्भाच्या उन्हाळ्यात हे काम हाती धरूच नये. हिवाळ्यातही भल्या पहाटे, दव पडत असता, ते करू नये. दुपार उलटून जमीन निवू लागली म्हणजे आरंभ करावा. जमीन तापत असता तिच्यातील हवा फुगून लेपात बुडबुडे येतात. मिश्रण थोडथोडे कालवावे, कारण बादलीत साठविलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होते. सारवणारी गृहिणी जशी आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकते, तसेच येथेही करावे. दुसरे दिवशी हलक्या पावलांनी चालावे. जड सामान मात्र आठवडाभर ठेवू नये.

हार्डनर कातडीस वारंवार लागल्यास खाज व पुरळ यांची व्याधी जडते, आणि ती एकदा जडली की जन्मभर टिकू शकते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे व चष्मा घालावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी मापणे, हिशेब व परीक्षा यांपुरतेच साह्य करावे. कालविणे व पसरणे वडीलधाऱ्यांकडे सोपवावे. न्हाणीत व जेथे वृद्ध वावरतात तेथे वरच्या थरावर बारीक वाळू भुरभुरावी, नाहीतर ओल्या लेपावरून पाय घसरतो. उन्हाच्या ओट्यावर हा लेप देऊ नये. तो पिवळा पडतो.

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. काम अर्धवट राहून लोकांत हसे होऊ नये म्हणून तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. येथे खर्चाइतकाच जमिनीचाही अंदाज घ्यावयाचा असतो. भाद्रपदातील परीक्षेत कोबा ओला ठरला, तर डबे विकत न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय होय. तो कोबा तसाच स्वच्छ ठेवून वापरावा, अथवा सवड होईल तेव्हा उखडून, मुरूम चोपून व खाली प्लॅस्टिकचा जाड कागद घालून नवा करावा. पालकांस आमची विनंती इतकीच की, येत्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचा तुकडा मुलांच्या हाती द्यावा, त्यांनी केलेली नोंद पाहावी, आणि मगच बाजाराचा रस्ता धरावा.