कुत्र्यांचा खाऊ विकायचाय? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

पेट शॉपचा स्टॉक कसा भरायचा, हे आपण मागच्या व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "ताई, ट्रीट्स कोणत्या ठेवू? मार्जिन कशात जास्त आहे?" प्रश्न बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

दुकान सुरू केलं त्या वर्षी डिस्ट्रिब्युटरने रॉहाइडची हाडं गळ्यात मारली. रॉहाइड म्हणजे जनावराचं वाळवलेलं कातडं. एका पाकिटामागे मला 60 रुपये सुटायचे, म्हणून काउंटरवर अगदी समोर ठेवली. आमचे एक नेहमीचे काका त्यांच्या लॅब्रेडॉरसाठी एक पाकीट घेऊन गेले. कुत्र्याने मोठा तुकडा न चावता गिळला. पोटात जाऊन तो फुगला, आतड्यात अडकला आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. कुत्रा वाचला. काका नंतर एकदाच आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही दिलंत म्हणून विश्वासाने घेतलं हो."

आता हिशोब बघा. काका महिन्याला साधारण 2500 रुपयांचं सामान न्यायचे. 20 टक्के मार्जिन धरलं तर महिन्याचे 500, वर्षाचे 6000. म्हणजे 60 रुपयांच्या नादात 6000 चं गिऱ्हाईक गेलं. आणि मुक्या जनावराचे हाल झाले, ते कुठल्या वहीत लिहायचे?

त्यानंतर मी स्वतःसाठी काही नियम केले. तेच आजचा धडा.

1. घटकांची यादी वाचा. यादीत ज्याचं वजन जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं नाव चिकन, मासे, रताळं असं ओळखीचं असेल तर ठीक. मैदा, साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर माल परत. 'चिकन' आणि 'चिकन फ्लेवर' यातही फरक आहे. फ्लेवर म्हणजे नुसता वास आणि चव.

2. धोक्याची नावं पाठ करा. झायलिटॉल, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण. हे सगळं कुत्र्याला विषारी ठरू शकतं. झायलिटॉल हा शुगर-फ्री पदार्थांतला गोडवा. माणसाला चालतो, पण कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली आणतो. त्यामुळे 'शुगर-फ्री' दिसलं की खूश होऊ नका, आधी यादी बघा.

3. नखाची परीक्षा घ्या. चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. थोडीही खूण उमटली नाही, तर ती दातांसाठी फार कडक आहे, दात तुटू शकतो. घरचं शिजवलेलं हाडही नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. हे गिऱ्हाइकालाही सांगा.

4. 10 टक्क्यांचा नियम सांगा. दिवसभराच्या कॅलरीपैकी ट्रीट्समधून 10 टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत. 10 किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे ट्रीट्सचा वाटा 60. आपलं चहासोबतचं साधं ग्लुकोज बिस्कीट एक 20-25 कॅलरीचं. तीन बिस्किटांत कोटा संपला! तेच 100 ग्रॅम गाजरात जेमतेम 40 कॅलरी. "मग गाजरच देतो की, ट्रीट कशाला घेऊ?" असं कुणी म्हणालं, तर हसून "द्या की" म्हणा. तो माणूस उद्या मोठी फूड बॅग तुमच्याकडूनच नेईल.

5. पाकीट पूर्ण हवं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष आणि एक्सपायरी. यातलं एकही नसेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो माल घ्यायचा नाही.

6. पावसाळ्याचा विचार करा. जूनपासून हवेतली ओल वाढते, उघड्या बरणीतल्या ट्रीट्सना बुरशी धरते. सुटा माल ठेवायचाच असेल तर हवाबंद डब्यात आणि थोडाच. जुना माल पुढे, नवा मागे. एक्सपायरीला दोन महिने राहिले की वेगळा काढा, डिस्ट्रिब्युटरशी बदलून घेण्याचं आधीच बोलून ठेवा.

नवीन दुकानाला पंधरा प्रकार लागत नाहीत. पाच-सहा पुरेत: ट्रेनिंगसाठी बारीक तुकडे, एक-दोन मांसाचे वाळवलेले प्रकार, एक शाकाहारी आणि नखाची परीक्षा पास झालेली एखादी चघळायची वस्तू. शाकाहारी विसरू नका, आपल्याकडे कित्येक घरांत कुत्र्यासाठीसुद्धा मांस आणत नाहीत.

आणि एक मर्यादा पाळा. कुत्र्याला किडनीचा त्रास, डायबेटिस किंवा ॲलर्जी असेल तर सल्ला आपण द्यायचा नाही. "आधी डॉक्टरांना विचारा, मग घ्या," असं स्पष्ट सांगा. एक विक्री जाईल, जाऊ दे.

आजचा गृहपाठ: जवळच्या तीन दुकानांत जा. प्रत्येक ठिकाणी दोन ट्रीट्सची पाकिटं उलटी करून पहिले तीन घटक, एक्सपायरी आणि एमआरपी वहीत लिहा. मग स्वतःला विचारा: माझ्या घरात कुत्रा असता, तर यातलं कोणतं पाकीट मी घरी नेलं असतं? ज्याचं उत्तर "हो", त्याच्याच मार्जिनची चौकशी करा.

भेटूया पुढच्या धड्यात!