पाठटाचण आणि कडेवरचे बाळ

अकलोलीच्या शाळेत सरावपाठाला उभी राहिले तेव्हा टाचण तोंडपाठ होते. पहिलीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. तो रडू लागला, वर्ग हसू लागला. तेवढ्यात दोघे गरम पाण्याच्या कुंडांकडे पळाले! त्यांना धरून आणले आणि संतापून तिला म्हटले, "बाळाला घरी ठेवून ये." ती गेली, ती परतलीच नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले काम १९५७ मध्ये कोसबाडला गेले. तेथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकटे पाळणाघरात, म्हणून थोरली बहीण वर्गात! (परीक्षेत याच उत्तराला मला चांगले गुण पडले होते.)

आठवड्याने तिचे घर शोधले. आई मजुरीला गेलेली, बाळ हिच्या मांडीवर.

"बाई, याला आणू?" तिने विचारले.