उपकल्पना : औषधाआधी विसाव्याची जागा

पंचकर्मातील द्रव्ये, मात्रा व यंत्रे यांविषयी आपल्या व्यवसायात पुष्कळ लेखन होते. शोधनाच्या काळात रुग्णाने जेथे विसावायचे, त्या जागेविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात क्रम निराळा आहे. तेथे वमन-विरेचनाच्या औषधांपूर्वी घर येते, आणि तेही वास्तुविद्या जाणणाऱ्याकडून बांधून घेतलेले.

हे घर निवात असावे, परंतु त्याच्या एका बाजूने वारा खेळता असावा. धूर, ऊन, पाणी व धूळ तेथे पोहोचू नये. नकोसे आवाज व गंध दूर असावेत. पाणी, उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानभूमी व स्वयंपाकघर जवळच असावे. याखेरीज गाणारे, कथा सांगणारे, लाव-तित्तिर, ससे, हरिणे आणि वासरासह दुभती गाय यांचाही तेथे उल्लेख आहे. काही वैद्यबंधू हा भाग राजेरजवाड्यांच्या थाटाचा मानून वगळतात. आम्हांस तसे वाटत नाही. रुग्णाचे मन कोठे रमेल याचा विचार तेथे औषधाइतक्याच काटेकोरपणे केलेला दिसतो.

निवात आणि तरीही एकीकडून प्रवात, ही अट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. स्नेहन-स्वेदनानंतर अंगावर सरळ येणारा वारा वातप्रकोप करतो. तर पूर्ण कोंडलेल्या खोलीत ग्लानी येते. अलीकडे अनेक केंद्रांत कारंजे, बुद्धमूर्ती, मंद संगीत अशी सजावट असते आणि अभ्यंगाच्या टेबलाच्या नेमके वर वातानुकूलन यंत्र बसविलेले असते! रुग्णास काय वाटेल यापेक्षा छायाचित्र कसे येईल, याचाच विचार तेथे अधिक झालेला असतो.

फिनलंडमधील पायमिओ येथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम 1933 साली पूर्ण झाले. वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी ते उताणे पडून असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने रचले. छताचा रंग डोळ्यांना शांत वाटेल असा ठेवला, दिवा रुग्णाच्या नजरेत येणार नाही असा लावला, पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून हात धुण्याच्या कुंडीचा उतार निराळा केला. आपल्याकडे शिरोधारेचा रुग्ण पाऊण तास ट्यूबलाइटकडे तोंड करून पडलेला असतो, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. रॉजर उलरिच यांचे 1984 मधील संशोधनही परिचित आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सिद्धिस्थानाच्या शेवटच्या अध्यायात शोधनानंतर वर्ज्य असे आठ भाव सांगितले आहेत. मोठ्याने बोलणे, अतिचंक्रमण, दिवास्वप्न यांच्या जोडीला त्यांत रथक्षोभ आहे. म्हणजे वाहनाचे हिसके. बुलढाणा शहर डोंगरावर आहे, तर मलकापूर-खामगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात. विरेचनाचे वेग थांबताच रुग्णाला मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसवून राजूर घाटातून किंवा बोथ्याच्या जंगलरस्त्याने 40-50 किलोमीटर पाठविले जाते. पुढे आध्मान, कटिशूल वा अनिद्रा घेऊन तो परत आला की आपण मात्रेचा दोष शोधत बसतो.

अडचण खरी आहे. विरेचनाचा काळ शरद ऋतू, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची मळणी व कापसाची वेचणी असते. प्रधान शुद्धीनंतर 7 दिवसांचा संसर्जनक्रम शेतकरी पाळणार केव्हा? आम्ही अशा रुग्णास स्पष्ट विचारतो की मळणीयंत्राच्या धुळीपासून आठवडाभर दूर राहता येईल काय. नसल्यास शोधन पुढे ढकलून शमन देतो. यात उत्पन्न बुडते, हे कबूल.

जागेसाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. आमच्या चिकित्सालयामागे औषधांचे रिकामे खोके ठेवण्याची 10 बाय 12 फुटांची टिनाची खोली होती. टिनाखाली तुराट्यांचे छत बांधून ते मातीने लिंपले, दिवा पायथ्याच्या भिंतीवर खाली घेतला, रस्त्याकडील खिडकी बंद करून मागच्या कडुनिंबाकडे दुसरी काढली. खर्चाचा मोठा वाटा खोलीला लागून बांधलेल्या शौचालयाचा होता. विरेचन झालेल्या स्त्रीला सर्वांच्या देखत अंगण ओलांडून जावे लागत असेल, तर तिला वेग आवरावासा वाटणारच. निरूह परत येण्यास एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे थांबायचे असते. तेवढा वेळ त्या खोलीत दुसऱ्या रुग्णाला घेत नाही.

औषधनिर्मात्या बंधूंना संथपणा नवा नाही. घृत-तैलादी एकाच दिवसात सिद्ध करू नयेत, रात्र लोटल्याने त्यांचे गुण वाढतात, असे शार्ङ्गधर सांगतो. चुलीवरच्या तेलाला मिळणारी ही सवलत दुकानात आलेल्या माणसाला मात्र मिळत नाही. गल्ल्याशेजारी सावलीत एक बाक व पाण्याचा माठ असला, तर भरड घेण्यास आलेली वृद्ध बाई बसून ऐकेल. काढा किती पाण्यात टाकायचा व किती उरवायचा, हे उभ्या गर्दीत सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते.

उपकल्पनीय अध्यायाच्या शेवटी असेही सांगितले आहे की दरिद्री मनुष्याने वेळ पडल्यास दुर्लभ सामग्री न जमविता शोधन घ्यावे, कारण सर्वांजवळ सर्व साधने नसतात आणि रोग गरिबालाही होतात. या वचनाचा आधार घेऊन जागेचा विषय टाळला जातो. परंतु ती सवलत रुग्णाला व दुर्लभ वस्तूंसाठी आहे. हरिणे व गायक आमच्याकडेही नाहीत. वारा न लागणारी खोली, जवळचे शौचालय आणि रात्रीचा मुक्काम यांना दुर्लभ म्हणता येणार नाही. आमच्याकडे मुक्कामाच्या रुग्णासोबतच्या नातेवाइकाला चटई मिळते आणि पेया आमच्याच चुलीवर शिजते.