बी.कॉम. करायचंय? आधी बंदराचा ताळेबंद वाचा

१ जून ते ३१ जुलै कोकण किनाऱ्यावर मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, हातात रोकड नाही. आणि नेमकी याच दिवसांत कॉलेजची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, पुस्तकं. रायगड जिल्ह्यातल्या दिघी बंदराजवळच्या कोळी घरांना बारावीनंतर जी धास्ती असते ती टक्क्यांपेक्षा या तारखांचीच जास्त. म्हणून कोर्स ठरवण्याआधी तीन वर्षांत फी कधी भरायची आणि घरात पैसा कधी येतो, हे महिन्यांच्या रकान्यांत मांडा. शिष्यवृत्ती जूनच्या रकान्यात धरू नका; महाडीबीटीचे पैसे बऱ्याचदा उशिरा येतात. उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाची वाट न बघता तहसीलमधून काढून ठेवा. आणि हा कागद आईबाबांनी न करता मुलीला किंवा मुलालाच करू द्या. तो कंटाळा न करता पुरा झाला, तर अकाउंटिंगकडे जायला हरकत नाही.

अकाउंटिंग आणि फायनान्शिअल अॅनालिसिस यांत फरक काय, असं पालक विचारतात. डिझेल परताव्याचं उदाहरण घ्या. बोटीच्या डिझेलवरचा कर सरकार परत देतं, पण हातात पडायला महिनोन्‌महिने जातात. सोसायटीच्या हिशेबात ही रक्कम ‘येणे’ म्हणून नीट लिहिणं, हे अकाउंटिंग. हे येणं कधी वसूल होईल, तोवर बँकेचा हप्ता कशातून जाणार, आणि परतावा आणखी सहा महिने लांबला तर बोट टिकेल का, हे सांगणं म्हणजे अॅनालिसिस. पहिलं पक्कं नसेल तर दुसरं करताच येत नाही. जाहिरातीतल्या ‘अॅनालिटिक्स’ला भुलून डेबिट-क्रेडिट कच्चं ठेवणारी मुलं पुढे अडकतात ती इथे.

मोठं उदाहरण तर खाडीच्या तोंडाशीच उभं आहे. दिघी पोर्ट लिमिटेडने कर्ज काढून धक्के बांधले. रेल्वे काही इथवर आली नाही, कर्ज थकलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ती ७०५ कोटी रुपयांना घेतली. बँकांचं येणं त्याहून कितीतरी जास्त होतं. धक्का तोच, समुद्र तोच, खोलीही तीच. मग किंमत कुठे गेली? ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिलेलं बांधकाम आणि त्या बांधकामातून दरसाल सुटणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं. अदानी पोर्ट्सचा वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यातला कॅश फ्लोचा तक्ता आणि कर्जाची टीप, एवढंच वाचावं. चेअरमनचं पत्र वगळलं तरी चालेल.

आता कोर्स. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. साधं बी.कॉम. श्रीवर्धनला होतं, अलिबागच्या जेएसएममध्येही होतं. बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स, म्हणजे ज्याला मुलं अजून बीएएफ म्हणतात, ते पनवेल-मुंबईकडच्या कॉलेजांत सहज मिळतं. माझं मत विचाराल तर बीएएफसाठी कर्ज काढून मुंबईत खोली घेऊ नका. घरून एसटीने जाऊन साधं बी.कॉम. चांगलं केलं आणि उरलेल्या पैशांत एक बरा लॅपटॉप घेतला, तर एक्सेल आणि टॅली दोन्ही हाताखालून जातील. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर विषय निवडता येतो. कॉलेजात मिळत असेल तर अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्या. चौथं ऑनर्सचं वर्ष संशोधनाकडे किंवा परदेशी शिकायला जायचं असेल तरच.

अकरावीत ‘मॅथ्स की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)’ हा प्रश्न येतो, तिथे अॅनालिसिसचा विचार असणाऱ्याने मॅथ्सच घ्यावं. एसपी घेऊन बसलेल्यांनी घाबरू नये, पण चक्रवाढ, प्रमाण विचलन आणि आजच्या रुपयाची उद्याची किंमत काढायला सुट्टीत शिकावंच लागेल.

सीएबद्दल दोन गोष्टी. बारावीनंतर फाउंडेशनला चार पेपर असतात; प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. ते जमत नसेल तर ५५ टक्क्यांनी बी.कॉम. करून थेट इंटरमीजिएटला बसता येतं, आणि गावात राहणाऱ्या मुलांना हा रस्ता जास्त सोसतो. आर्टिकलशिप २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. सीएफए या फायनान्शिअल अॅनालिस्टच्या परीक्षेची फी डॉलरमध्ये असते. ती नोकरी लागल्यावर बघा. त्याऐवजी तिसऱ्या वर्षात सेबीच्या एनआयएसएम संस्थेची रिसर्च अॅनालिस्टची परीक्षा द्या. या संस्थेचं कॅम्पस आपल्याच जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे, हे इथल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं.

उरला पालकांचा खरा प्रश्न: पोर्टात लागेल का? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघीचं नाव आल्यापासून तो जास्तच विचारला जातो. या आशेवर पदवी निवडू नका. मोठ्या कंपनीचे हिशेब बहुतेक मुख्यालयात होतात, आणि अदानी पोर्ट्सचं मुख्यालय अहमदाबादला आहे. बंदर वाढलं तर इथे कामं वाढतील ती कस्टम हाउस एजंटकडे, वाहतूकदारांकडे, त्यांचा जीएसटी भरणाऱ्या ऑफिसांत. कर्जाचे प्रस्ताव तपासणारी माणसं जिल्हा बँकेला लागतात, पतसंस्थांना लागतात. मुंबईत क्रिसिल आणि केअरसारख्या रेटिंग संस्थांना तर रोजच लागतात. तिथवर जायचं तर दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात माणगाव किंवा महाडच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन महिने बसा, पगार मिळो न मिळो. व्हाउचर लावणं रटाळ असतं. ते करताना ‘या दुकानाची विक्री वाढली, मग उधारी तिच्या दुप्पट कशी वाढली?’ असा प्रश्न स्वतःहून पडायला लागला, तर मूल योग्य जागी आहे. अजिबात पडला नाही आणि घड्याळाकडेच लक्ष राहिलं, तर तसं तिने किंवा त्याने घरी मोकळेपणी सांगावं, बी.कॉम.वरून बँकेच्या आणि सरकारी परीक्षांकडे वळायला एक वर्ष हातात असतं.