भाड्याच्या घराला शासनाचा हातभार : अमेरिकेतील साहाय्यपत्र योजना

ऑगस्ट २०१० मधील घटना आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराला लागून असलेल्या ईस्ट पॉइंट या गावी एका बाजारसंकुलाच्या आवारात सुमारे ३० हजार माणसे उन्हात जमली. काहीजण आदल्या दिवसापासूनच येऊन बसले होते. उन्हाने व रेटारेटीने अनेकांना भोवळ आली, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे घरे वाटली जात नव्हती, घरभाड्याचे साहाय्यही वाटले जात नव्हते. वाटले जात होते ते त्या साहाय्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याचे अर्ज. ज्या योजनेसाठी एवढी झुंबड उडावी, ती योजना गरीब कुटुंबाच्या उपयोगी पडते ती नेमकी कशी, आणि कोठे कमी पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

इमारतींकडून कुटुंबांकडे

१९३७ च्या कायद्यान्वये अमेरिकेत सार्वजनिक घरबांधणी सुरू झाली. शासकीय साहाय्याने इमारती बांधावयाच्या व त्या अल्प भाड्याने गरिबांना द्यावयाच्या, अशी ती पद्धत होती. तिने अनेकांना निवारा दिला. परंतु मोठ्या शहरांत गरीब कुटुंबेच तेवढी एका जागी कोंडली गेली आणि देखभालीला पैसा पुरेना. सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो ही अकरा मजली ३३ इमारतींची वसाहत १९५० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि १९७२ पासून ती पाडण्यास प्रारंभ करावा लागला.

याच सुमारास निराळा विचार पुढे आला : शासनाने घर न बांधता भाड्याचा भार उचलावा, घर कुटुंबाने बाजारात शोधावे. घरमालक याचा लाभ घेऊन सर्वांचीच भाडी वाढवतील, ही शंका तेव्हाही घेतली गेली. ती पडताळण्यासाठी ग्रीन बे व साउथ बेंड या शहरांच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर प्रयोग करण्यात आले. भाड्यांवर त्याचा परिणाम नगण्य आढळला. प्रयोग चालू असतानाच १९७४ चा गृहनिर्माण व समूह विकास कायदा झाला. आजची साहाय्यपत्र योजना, ज्याला तेथे ‘व्हाउचर’ म्हणतात, त्यातून वाढली. सुमारे २३ लाख कुटुंबे तिचा लाभ घेतात. पैसा केंद्र शासनाचा असतो. कारभार मात्र दोन हजारांहून अधिक स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांकडे आहे.

भाड्याचा हिशेब

योजनेचा गाभा एका साध्या हिशेबात आहे. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा, ठरावीक वजावटी जाऊन, ढोबळमानाने ३० टक्के भाग भाड्यासाठी द्यावा. (हे प्रमाण पूर्वी २५ टक्के होते, १९८१ मध्ये ते वाढविण्यात आले.) उरलेली रक्कम प्राधिकरण थेट घरमालकाला देते. त्या परिसरातील साधारण भाडी पाहून साहाय्याची मर्यादा आधीच ठरविलेली असते.

उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे हिशेबी उत्पन्न महिना १,५०० डॉलर आहे आणि प्राधिकरणाची मर्यादा १,४०० डॉलर आहे. वीज-पाण्यासह १,३५० डॉलर खर्चाचे घर मिळाले, तर कुटुंब ४५० देईल आणि उरलेले ९०० प्राधिकरण देईल. घर १,५५० डॉलरचे असेल, तर प्राधिकरण मर्यादेप्रमाणे ९५० देऊन थांबेल आणि कुटुंबाला ६०० भरावे लागतील. ही रक्कम उत्पन्नाच्या नेमकी ४० टक्के होते. नव्याने घर घेताना यापुढे जाण्यास नियमाने मनाई आहे, म्हणजे १,६०० डॉलरचे घर या कुटुंबाला घेता येणार नाही.

आता समजा, त्या घरातील कर्त्या बाईचे कामाचे तास कमी झाले आणि उत्पन्न १,००० डॉलरवर आले. १,३५० डॉलरच्या घरासाठी तिचा वाटा ३०० होतो व प्राधिकरणाचा १,०५०. घर सुटत नाही. माझ्या मते योजनेचे खरे मोल येथे आहे. ठरावीक रकमेचे अनुदान अडचणीच्या महिन्यात अपुरे पडते. हे साहाय्य अडचणीबरोबर वाढते. उलट उत्पन्न वाढले की वाटाही वाढतो, त्यामुळे जास्त काम करण्याचा उत्साह मावळेल अशी टीका होते. त्यावर १९९० मध्ये एक तोड काढण्यात आली : स्वावलंबनाचा करार करणाऱ्या कुटुंबाच्या वाढीव भाड्याइतकी रक्कम त्याच्या नावे राखीव खात्यात जमा होते व करार पुरा झाल्यावर ती त्याला मिळते.

पत्र हाती, घर दूर

साहाय्यपत्र मिळणे म्हणजे घर मिळणे नव्हे. घर शोधण्यास किमान ६० दिवसांची मुदत असते. घर सुरक्षित व राहण्यायोग्य आहे याची प्राधिकरणाने तपासणी करावी लागते, भाडे वाजवी आहे हे ठरावे लागते आणि मुख्य म्हणजे घरमालक राजी व्हावा लागतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय अभ्यासात महानगरांतील ६९ टक्के कुटुंबांनाच मुदतीत घर मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांना पत्र परत करावे लागले.

घरमालक नकार का देतात? तपासणीला लागणारा वेळ, कागदपत्रांचा त्रास, आणि गरीब भाडेकरूंविषयीचा पूर्वग्रह. एका संशोधनसंस्थेने पाच ठिकाणी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फोर्ट वर्थ येथे ७८ टक्के घरमालकांनी साहाय्यपत्रधारकांना नकार दिला, लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्क्यांनी, फिलाडेल्फियात ६७ टक्क्यांनी. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र केवळ १५ टक्क्यांनी. असा नकार देण्यास वॉशिंग्टनमध्ये कायद्याने बंदी आहे. परंतु तशी बंदी फिलाडेल्फियातही होती! कायद्याच्या पुस्तकातील कलम आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर आपल्याकडील कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. हे साहाय्य हक्क म्हणून मिळत नाही. निधी असेल तेवढ्यांनाच मिळते. पात्र कुटुंबांपैकी चारांत सुमारे एकालाच केंद्र शासनाचे कोणत्याही प्रकारचे भाडे-साहाय्य पोहोचते. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ साली प्रतीक्षायादीतील ३० हजार जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि सोडतीने नावे निवडावी लागली. त्यातही सोडत होती ती यादीत येण्यासाठी.

मुलांवरील परिणाम

१९९४ पासून बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे सुमारे ४,६०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना सोडतीने अशी पत्रे देण्यात आली की, ती कमी दारिद्र्य असलेल्या वस्तीतच वापरता येत. प्रारंभीच्या निष्कर्षांत प्रौढांच्या कमाईत फरक दिसला नाही, त्यामुळे निराशा झाली. पुढे २०१५ मध्ये राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनी त्याच कुटुंबांतील मुलांचा मागोवा घेतला. वयाच्या तेराव्या वर्षापूर्वी नव्या वस्तीत गेलेल्या मुलांचे पंचविशीतील उत्पन्न इतरांपेक्षा ३१ टक्के अधिक आढळले. मोठ्या वयात गेलेल्यांना तसा लाभ झाला नाही. घर कोठे मिळते आणि मूल किती लहान असताना मिळते, याला एवढे महत्त्व आहे. शिक्षकांना याचे आश्चर्य वाटू नये.

आपल्या संदर्भात

महाराष्ट्राने भाडेकरूला संरक्षण दिले ते वेगळ्या मार्गाने. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भार घरमालकावर टाकला. त्याची जागा २००० सालापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. जुन्या चाळींची डागडुजी का रखडली, याचे एक उत्तर त्या गोठलेल्या भाड्यांत आहे. साहाय्यपत्र योजनेत तो भार सरकारी तिजोरी उचलते, म्हणून घर दुरुस्त ठेवण्याची अट घरमालकाला घालता येते.

या विचाराच्या जवळ जाणारी योजना आपल्याकडेही आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना २०१६-१७ पासून स्वाधार योजनेखाली निवास व भोजनासाठी रक्कम त्यांच्या बँक खात्यात दिली जाते. येथे घरमालकाशी प्राधिकरणाचा करार नसतो, खोलीची तशी तपासणी नसते. त्यामुळे काम सोपे व जलद होते. मात्र पुण्यात नव्याने आलेल्या मुलाला आडनाव विचारून खोली नाकारली, तर त्याच्या खात्यातील रक्कम त्या दारापुढे निरुपयोगी ठरते. असा नकार मिळालेल्या विद्यार्थ्याने कोणाकडे जावे, हे योजना राबविणाऱ्या कार्यालयाने त्याला मंजुरीच्या पत्रासोबतच सांगावयास हवे.