बोटुकली मोठ्या तळ्यात सोडताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेततळ्यांत कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढविता येतात. परंतु संगोपन तळ्यातून आणलेली बोटुकली एकदम मोठ्या तळ्यात ओतल्यास उष्णतामानातील फरकाने दगावते. अशा वेळी दोष बीजाला दिला जातो. वस्तुतः तो घाईचा असतो. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. वाहतुकीपूर्वी एक दिवस खाद्य बंद ठेवावे. त्यामुळे पिशवीतील पाणी घाण होत नाही.

२. प्राणवायू भरलेली पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी.

३. नंतर तळ्याचे पाणी थोडेथोडे पिशवीत घालून मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्यावेत.

हे काम सकाळी वा सायंकाळी करावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी याचे प्रात्यक्षिक तळ्यावरच दाखवावे.