दुप्पट ताकदीची गाडी फसते, जुनी जीप निघते : असं का?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची महिंद्राची जीप आहे, उंच बॉनेटची, पेट्रोलवरची. गेल्या पावसाळ्यात आमच्या पांदणीत पाहुण्यांची नवी फोर बाय फोर गाडी फसली, शेवटी ट्रॅक्टर लावून काढली. तिची ताकद आमच्या जीपच्या दुपटीहून जास्त. त्याच संध्याकाळी आमची जीप त्याच पांदणीतून गेली आणि परतही आली. जुन्या गाडीत असं काय आहे? मुलगा म्हणतो, जीप विकून नवी घेऊ. काय करावं?
— एक शेतकरी वाचक, चिखली तालुका

उत्तर : तुम्ही जे पाहिलं ते मीही तीस वर्षांत अनेकदा पाहिलंय, जुन्या-नव्या दोन्ही गाड्या चालवून. चिखलातून निघताना हॉर्सपॉवरचा नंबर फार मागे लागतो. पुढे असतात तीन गोष्टी : गाडीचं वजन, टायर आणि चालवणाऱ्याचा हात.

आधी आपली माती पाहू. बुलडाण्याची काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणूनच वैशाखात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या दोन सरी झाल्या की हीच माती चपलेला किलोभर चिकटते. टायरला तेच होतं. चिखल नक्षीच्या खाचांत गच्च भरून बसतो आणि नवंकोरं टायरही गोटा झाल्यासारखं घसरतं. मग इंजिनात सत्तर घोडे असोत की दीडशे, चाकाची पकड असेल तेवढीच ताकद जमिनीला लागते. उरलेली सगळी जागच्या जागी चाक फिरवण्यात आणि खड्डा खोल करण्यात जाते.

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करा. तुमच्या वर्णनावरून जीप सीजे-थ्रीबी असावी. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही पुढची गाडी. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच झालं. तिचं वजन साधारण हजार-अकराशे किलो आणि टायर ६.०० - १६ मापाचं, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. आजच्या थारसारखी गाडी सतराशे किलोच्या पुढे जाते आणि तिचं टायर २४५ ते २५५ मिलिमीटरचं, जवळपास दहा इंच. पांदणीत वर वीतभर चिखल आणि खाली वर्षानुवर्षं दबलेला मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून मुरमाला टेकतं. रुंद टायर वरच्या गाऱ्यावर तरंगतं, आणि वजन जास्त असल्यानं एकदा खचलं की पार पोटापर्यंत बसतं. आपल्या जुन्या बंडीचं चाक आठवा. उंच, अरुंद, लोखंडी धावेचं. सुतारानं ते असं का घडवलं, याचं उत्तर याच पांदणीत आहे.

तिसरी गोष्ट हाताची, आणि त्या हातातल्या लो गिअरची. तुमच्या जीपच्या फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकला की इंजिनाचे साधारण ३५ ते ४० फेरे होतात, तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिनाची सत्तरच्या आसपासची ताकद तेवढीच राहते, पण चाक फिरवणारा जोर असा वाढून, सावकाश चाकापर्यंत येतो. गाडी माणसाच्या चालीनं चालते आणि चाक भिरभिरत नाही. जुना ड्रायव्हर चिखल दिसला की आधी उतरतो, काठीनं खोली पाहतो, हब लॉक करतो, मगच गिअर टाकतो. नव्या गाडीत बसलेला माणूस बटणावर आणि एक्सलेटरवर भरवसा ठेवून घुसतो. फरक बराचसा इथंच पडतो.

पण एवढ्यावरून जुनं ते सोनं म्हणू नका. पावसाळा सरल्यावर जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला खडकाळ ओढा उतरून बघा. तिथं एक पुढचं आणि एक मागचं चाक तिरपं उचललं जातं. ॲक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, ताकद मोकळ्या चाकाकडं सोडून देतो. जुन्या जीपची दोन चाकं हवेत फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. २०२० साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत मागचा गोळा आपोआप लॉक होतो आणि टेकलेल्या चाकाला ताकद मिळते. ही गाडी जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. राजूरचा घाट रात्री पावसात उतरायचा असेल तर एबीएस ब्रेक आणि एअरबॅग असलेली गाडीच मी निवडतो. थारला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार तारे मिळाले होते. उघड्या जीपमध्ये पोराबाळांना बसवून तो घाट उतरताना माझा जीव खालीवर होतो.

मुळात हा प्रश्न जुन्या-नव्याचा नाही, वजनाचा आहे. १९८५ ची जिप्सी चिखलात का चालते? ती टनभरही भरत नाही. २०२३ ची जिम्नी तर नवी, पण पुढे-मागे अखंड ॲक्सल ठेवूनही बाराशे किलोच्या आसपास राहिली, म्हणून तिच्यात जुन्या गाडीचा हलकेपणा टिकलाय.

नवी गाडी फसली तर काय करायचं, तेही सांगतो. मेहकरच्या बाजूला एका पांदणीत मी स्वतः असाच फसलो होतो. एक्सलेटर सोडला. चारही टायरांची हवा पस्तीसवरून अठरावर आणली, तेव्हा टायर पसरलं आणि जमिनीवर टेकायची जागा वाढली. खुरप्यानं खाचांतला चिखल खरवडला. शेजारच्या शेतकऱ्यानं धुऱ्यावरचा पऱ्हाटीचा भारा आणून दिला, तो चाकांपुढं अंथरला. फोर-लो, दुसरा गिअर, नुसता क्लच सोडला. पऱ्हाट्या कडकडा मोडत खाली गेल्या आणि गाडी हातभर, मग दोन हात पुढं सरकली. पुढच्या गावात पोचल्यावर हवा पुन्हा भरून घेतली. कमी हवेत डांबरी रस्त्यावर वेगानं जाऊ नका, टायर रिमवरून निसटतं.

एक विनंती. हा सराव आपल्या शेतात, आपल्या पांदणीत करा. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही अभयारण्यं आहेत. तिथं ठरलेला रस्ता सोडून चाक घालू नका.

राहिला विक्रीचा प्रश्न. घरात एकच गाडी परवडत असेल आणि दवाखाना, बाजार, लग्नकार्य सगळं तिच्यावरच असेल, तर मुलाचं ऐका, नवी घ्या. दोन्ही ठेवणं जमत असेल तर जीप ठेवा. तिचे पाटे, ब्रेक, कार्बोरेटर गावातला मिस्त्री पान्यानं उघडून दुरुस्त करतो. नव्या गाडीचा सेन्सर बिघडला की मिस्त्रीला संगणक लागतो. मात्र जीपची नोंदणी आणि फिटनेसची मुदत आरटीओत आधी तपासून घ्या.

काहीही ठरवा, पण विकण्याआधी एक मृग तरी मुलाला त्या जीपच्या स्टिअरिंगवर बसवा. चाक कधी घसरायला लागतं ते सीटखालून कसं कळतं, आणि त्या क्षणी पाय कसा उचलायचा, हे त्याला तुमच्या पांदणीत शिकू द्या. वडिलांनी तुम्हाला असंच शिकवलं असणार. हा हात तयार झाला की नवी गाडीही त्या पांदणीतून निघेल.